चिमट्याची डावी टाच

३ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागाच्या भरात लिहितोय, तेव्हा अक्षर समजून घे. चिमटा गेला. गेला म्हणजे चांगला ठणठणीत आहे, पण आपला क्लब सोडून गेला. आणि गेला तोही कुठे, तर तुझ्या शहरातल्या त्या मोठ्या क्लबात, जिथे अकरा जण खेळायला आणि बावीस जण नुसते बसायला ठेवलेले असतात.

तुला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. चिमटा म्हणजे आमचा आठ नंबर. बुटका, काटकुळा, वय वर्षं तेवीस. समोरच्याच्या पायातून चेंडू इतका अलगद उचलून नेतो की त्या बिचाऱ्याला चार पावलं पुढे गेल्यावर पत्ता लागतो. म्हणून चिमटा. हे नाव सलूनवाल्याने ठेवलं, पण मी ठेवलं असं मी सगळ्यांना सांगत असतो. सतराव्या वर्षी आमच्याकडे आला तेव्हापासून त्याचे बूट माझ्या दुकानात. तळ उसवला की मी, टाच झिजली की मी. नवा जोड घेतला तरी पायात घालायच्या आधी तो माझ्याकडे यायचा, जरा हात फिरवा काका म्हणून. सहा वर्षं एकही रविवार मी मैदान चुकवलेलं नाही. आपल्या पोरीच्या निकालाच्या दिवशीसुद्धा मी स्टँडमध्ये होतो, आणि ते ऐकणं घरात अजून चालू आहे.

जायच्या आदल्या दिवशी तो निरोप घ्यायला दुकानात आला. मी लांबूनच बघितला, शटर अर्धं खाली ओढलं आणि आत स्टुलावर बसून राहिलो. त्याने काका, काका करून दोनदा हाक मारली. मग जुने बूट दाराशी ठेवून गेला. तिकडे कंपनीचे नवे मिळणार, जुने हवेत कशाला! मी ते उचलून वरच्या फळीवर फेकले.

सलूनवाल्याने तर त्याचा फोटो उलटा करून टांगलाय. गिऱ्हाइकं दाढी होईपर्यंत मागचा पुठ्ठा बघत बसतात. ही म्हणते, पोरगी नोकरीसाठी लांब गेली तेव्हा मी एवढं तोंड पाडलं नव्हतं. पण पोरगी मधल्या फळीत खेळत होती का? नव्हती.

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी फुटबॉलवर आलो आणि तुझं दूध लगेच उतू गेलं. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही.

राग सगळा माझ्याकडे आहे. तुझ्याकडचा लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझा
धाकटा


१२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिली ओळ वाचून मी गॅस बंद करून बसले. मला वाटलं कुणी वारलं. पुढे वाचलं तर एक तरुण मुलगा चांगल्या जागी कामाला लागलाय, आणि त्याबद्दल साठीला आलेला माझा भाऊ शटरमागे लपून बसलाय. अरे, ओढायचंच होतं तर पूर्ण तरी ओढायचं.

माझं बरं चाललंय. हॉस्पिटलातून निवृत्त झाले तरी पहाटे पाचला डोळे उघडतातच, आणि ताप बघायला कुणी नाही म्हणून मी कुंड्यांना पाणी घालत बसते. त्या कुंड्यांचाही आता जीव जाईल. म्हणून वरची खोली भाड्याने दिली. या महिन्यापासून एक मुलगा राहतोय. बोलतो कमी. आंघोळ झाल्यावर न्हाणीघर पुसून बाहेर येतो. तीस वर्षं नर्सची नोकरी केली, पण पुरुषात हा गुण पहिल्यांदाच बघितला. सकाळी चार अंडी खातो आणि ताटली स्वतः धुतो. काय करतोस विचारलं, तर म्हणाला खेळतो. मी म्हटलं ते ठीक आहे, पण काम काय करतोस? तर बिचारा लाजून लाल झाला.

काल तुझं पत्र त्यानेच खालून आणून दिलं. पाकिटावरचं अक्षर बघून दारातच थबकला. हे अक्षर ओळखीचं आहे म्हणाला, त्याच्या बुटांच्या पिशवीवर अशा अक्षरात चिठ्ठ्या असायच्या. तेव्हा बाबा, बसला असशील तर वाच, उभा असशील तर बस. तुझा चिमटा माझ्या डोक्यावर राहतो. छतातून पावलं ऐकू येतात.

त्या दिवशी शटरखालून तुझे पाय दिसत होते, हेही त्याने सांगितलं. चपला उलट्या घातल्या होत्यास म्हणे.

वहिनीला सांग, तिची बाजू मला शंभर टक्के पटते. माया करावी, पण थोडी घरच्यांसाठीही शिल्लक ठेवावी.

तुझी
ताई


१९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताबडतोब त्याला खोली रिकामी करायला सांग. कारण काहीही दे. छत गळतंय म्हण. शहरात एवढी घरं पडलीत, आणि या महाभागाला माझ्या सख्ख्या बहिणीचंच घर मिळालं!

चार अंडी ठीक, पण सामन्याच्या आदल्या दिवशी त्याला पाच लागतात. हे मी सांगितलं म्हणून सांगू नकोस. त्याला झोपायला उशी लागत नाही, उशी दिली असशील तर काढून घे. तिकडे त्याला मधे खेळवतात की कडेला, तेवढं सहज विचार. कडेला खेळवत असतील तर त्यांना अक्कल नाही. मला काही घेणंदेणं नाही, सलूनवाला विचारत होता.

आमच्याकडे त्याच्या जागी एक नवा आणलाय. उंच आहे, देखणा आहे, केस उत्तम. चेंडू मात्र त्याच्यापर्यंत पोचतो आणि पुढे काय करायचं ते चेंडूलाच ठरवावं लागतं.

चपला उलट्या नव्हत्या. डावी उजवीकडे होती इतकंच.

त्या पोराला घरात ठेवलंस म्हणून माझी जागा कमी करू नकोस, एवढीच विनंती.

तुझा
धाकटा


२४ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

छत गळत नाही, त्यामुळे मुलगा इथेच आहे. महिनाभर पत्र नाही म्हणून रागावू नकोस. लिहिण्यासारखं होतं, पण आधी नीट बघावं म्हटलं.

तो लंगडतोय. पहिल्या आठवड्यात दोन-दोन पायऱ्या चढून जायचा. आता कठड्याला धरून एकेक चढतो, आणि मी बघतेय असं वाटलं की सरळ चालायचं नाटक करतो. मी त्याला धरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि मोजे काढायला लावले. डाव्या टाचेच्या बाहेरच्या बाजूला फोडांवर फोड, पोटरी दगडासारखी, आणि आता गुडघाही धरतोय. बूट अगदी नवे, भारीतले. क्लबच्या डॉक्टरला त्याने नुसते फोड दाखवले, बाकी काही बोललाच नाही. विश्रांती घे, एवढाच सल्ला मिळाला. तीन सामने बाकावर बसून आहे.

त्याचा करार कच्चा आहे, हे मला आत्ता कळलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठरवणार, पुढे ठेवायचं की तुमच्या क्लबात परत धाडायचं. आईला यातलं काही कळवलेलं नाही. तिला दर आठवड्याला फोनवर मजेत आहे म्हणून सांगतो आणि मग तासभर जिन्यात बसून राहतो.

मला त्याचा तो घोटा किंचित बाहेर कललेला वाटला. जुनं काही आहे का विचारलं, तर म्हणाला नवव्या वर्षी भिंतीवरून पडला होता, पण ते कधीच बरं झालंय, तुमच्या क्लबात आल्यापासून सहा वर्षांत एकदाही दुखलं नाही. तू त्याचे बूट एवढी वर्षं हाताळलेस. तुझ्या काही लक्षात आलं होतं का? आठवून कळव.

तुझी खुशाली दोन ओळींची असली तरी चालेल, पण वेळेवर येऊ दे.

तुझी
ताई


१ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, आनंद झाला. इकडे सगळं उत्तम. स्टँडला नवा रंग लागलाय, हिरवा. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पँटी मागून हिरव्या झाल्या. सलूनवाला तशीच घालून फिरतोय, निष्ठा म्हणतो. दुकानात शाळेच्या बुटांची गर्दी आहे. हिचा गुडघा बरा आहे. पोरीचं पत्र आलं होतं, ती मजेत आहे. आमच्या खिडकीत चिमणीने पुन्हा घरटं बांधलंय.

चिमट्याचं म्हणशील तर मोठ्या क्लबात असंच होतं. सगळ्यांनाच काही तिथली हवा मानवत नाही. त्यांना नको असेल तर येऊ दे की परत. आमची कमिटी दोन्ही हातांनी घेईल, मी परवाच सहज अंदाज घेतला. आठ नंबरचा शर्ट तसाच घडी घालून ठेवलाय. त्याने मनाला फार लावून घेऊ नये. तोवर कोमट पाण्यात पाय ठेवावा.

नव्या पोराने काल एक गोल केला, आपल्याच जाळ्यात.

तुझा आशीर्वाद असू दे, सध्या जरा जास्तच लागेल.

तुझा
धाकटा


६ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

रंग कळला, पँटी कळल्या, चिमणीही कळली. मी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तेवढं दोन पानांत कुठे सापडलं नाही.

लहानपणी बाबांचं भिंतीवरचं घड्याळ तुझ्या हातून फुटलं, तेव्हा तू संध्याकाळभर घरात सगळ्यांना शाळेतल्या गमती सांगत होतास. मी तेव्हा ओळखलं होतं आणि आत्ताही ओळखलं. काहीतरी दडवतोयस.

हे बघ, मला तुमच्या क्लबाशी कर्तव्य नाही आणि इथल्याशीही नाही. माझ्यासमोर एक पेशंट आहे. काल बादलीत पाय बुडवून बसला होता. मला म्हणाला, मावशी, बहुतेक माझ्यात तेवढंच होतं, छोट्या गावापुरतं. तेवीस वर्षांचा मुलगा असं बोलतो तेव्हा मला ऐकवत नाही. तुला काही माहीत असेल तर सरळ लिही, आणि चिमणीला या वेळी मधे आणू नकोस.

उत्तराची वाट बघतेय, आणि मी वाट बघते तेव्हा कशी असते ते तुला माहीत आहे.

तुझी
ताई


१० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घड्याळ मीच फोडलं होतं. ते आधी मोकळं करतो, म्हणजे पुढचं लिहायला धीर येईल.

मला माहीत आहे, ताई. सहा वर्षांपासून माहीत आहे.

तो पहिल्यांदा बूट घेऊन आला तेव्हाच बघितलं, डाव्या बुटाची टाच बाहेरच्या कडेने कापल्यासारखी झिजलेली. चालायला लावलं, घोटा कललेला. तेव्हाचा आमचा कोच फार कडक. एका गोलकीपरचं बोट वाकडं आहे म्हणून त्याने त्याला घरी पाठवलं होतं. म्हटलं, याच्या पायाचं कळलं तर हे पोरही जाईल. मी बुटातला सुखतळा, म्हणजे पायाखालचा आतला तळ, काढला, त्याच्या चामड्याखाली बाहेरच्या कडेला बुचाची पातळ चकती तासून चिकटवली, वरून चामडं पूर्ववत शिवलं. दिसत नाही, हाताला लागत नाही. पुढच्या रविवारी पोरगं असं पळालं की मी स्टँडमध्ये सलूनवाल्याला मिठी मारली. त्याला वाटलं गोल झाला.

मग प्रत्येक नव्या जोडात तेच. कोणाला म्हणून सांगितलं नाही. त्यालाही नाही. लहान असताना पाय दुखायचा, आता मोठा झालो म्हणून थांबला, असं तो समजत राहिला. पुढे तो कोच गेला, तेव्हा सांगायला हरकत नव्हती. तरी नाही सांगितलं. खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. दोन हजार माणसं त्याच्या नावाने ओरडताहेत आणि त्याच्या टाचेखाली काय आहे ते फक्त मला ठाऊक. दुसरं कोणतं मोठेपण माझ्या वाट्याला येणार होतं!

आता सगळ्यात वाईट ते सांगतो. तू लंगडण्याचं लिहिलंस त्याच क्षणी मला कारण कळलं. कंपनीचे नवे बूट, आत चकती नाही. मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि मनात हिशेब केला की मी गप्प बसलो तर तो ऑक्टोबरात परत येतो. काही करायचं नाही, नुसतं गप्प बसायचं. म्हणून चिमणीबद्दल लिहिलं. तीन रात्री झोप नाही. ही विचारते काय झालं, तर तिलाही सांगता येईना. मी त्याचा चाहता म्हणवतो, आणि तो तिकडे मोडून पडावा म्हणून इकडे वाट बघत होतो. मला माझीच लाज वाटते.

त्याच्या दोन्ही पायांचा कागदावर नकाशा काढून पाठव. पूर्ण भार देऊन उभा असताना काढ, पेन्सिल सरळ धर. मात्र त्याला तू सांगू नकोस. ते मीच सांगायला हवं.

या वेळी लोभ ठेव असं म्हणवत नाही. पत्र तेवढं पाठव.

तुझा
धाकटा


१५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

घड्याळाचं बाबांना माहीत होतं. तुला रागवायला त्यांचा जीव झाला नाही.

बाकीच्यावर मी एक दिवस चिडून होते. तुला लिहायला घेतलेली दोन पत्रं फाडली. तिसऱ्यांदा तुझं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, हे सगळं तू मला लिहून तरी पाठवलंस. तेव्हा राहू दे.

नकाशे सोबत आहेत. त्याला काय सांगावं सुचेना, म्हणून म्हटलं तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायचेत. तो म्हणाला मोज्यांना पायाचा नकाशा कशाला लागतो? मी ठोकून दिलं की आमच्या हॉस्पिटलात अशीच पद्धत होती. गुदगुल्या होऊन तो एवढा हलला की उजव्या पायाला सहा बोटं आल्यासारखी दिसतील, ती पाच धर. आता तुझ्यामुळे मला खरोखर मोजे विणायला बसावं लागणार. या उन्हात!

एक गोष्ट कळवायला हवी, मग तुझं तू बघ. चार ऑक्टोबरला यांचा सामना तुमच्याशी आहे, तुमच्याच मैदानावर. इथल्या कोचने ठरवलंय की त्याला त्यात एकदा उतरवायचं, तिथलं गवत न् गवत त्याच्या ओळखीचं म्हणून. ती शेवटची संधी. तेव्हा तू पाठवशील ते तुझ्याच क्लबाच्या विरुद्ध पायात असेल. आधी सांगितलं नाही असं नंतर म्हणू नकोस.

हातातलं काम नीट कर, एवढाच माझा आशीर्वाद समज.

तुझी
ताई


२० सप्टेंबर

चि. चिमटा यास,
अनेक आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. आजवर नुसत्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्याही बुटांच्या पिशवीवर, उन्हात वाळवू नको, नाड्या बदल, असल्या.

सोबत एक सुखतळा आहे, डाव्या पायाचा. वरचं चामडं मी मुद्दाम शिवलेलं नाही. उचलून बघ. आत बुचाची चकती दिसेल. ही तुझ्या प्रत्येक बुटात होती, सतराव्या वर्षापासून. भिंतीवरून पडलास तेव्हा तुझा घोटा किंचित तिरका जुळला. चकती असली की तो सरळ बसतो, नसली की टाच, पोटरी, गुडघा सगळं बोंब मारतं. तुझा पाय संपलेला नाही. त्याच्याखाली अडीच मिलिमीटर बूच नाही, एवढंच झालंय.

मी तुला सांगितलं नाही. आधी कोचच्या भीतीने, नंतर माझ्या हौसेने. तू निरोप घ्यायला आलास तेव्हा सांगायला हवं होतं, तर मी शटर ओढून बसलो. आणि तू लंगडतोयस हे कळल्यावरही मी पंधरा दिवस गप्प होतो, कारण तू परत यावास असं मला वाटत होतं. यावर काही बोलायला मला तोंड नाही. माफी मागतो.

मागच्या कागदावर मापं लिहिली आहेत. बाहेरच्या कडेला अडीच मिलिमीटर, आत येता येता शून्य. लांबी टाचेपासून चार बोटं. साधं बाटलीचं बूच चालत नाही, बुचाचा दाबून केलेला तक्ता घ्यायचा. दर सहा आठवड्यांनी नवीन. कुठल्याही गावातला बरा बूटवाला हे तासाभरात करून देईल. यापुढे त्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही.

चार तारखेला आमच्याविरुद्ध खेळशील तेव्हा नीट खेळ. मला वाईट वाटेल म्हणून हात राखून खेळलास तर ओळखेन.

रागावलास तर हक्काने रागाव.

तुझा
बूटवाला काका


२७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पार्सल त्याला दिलं. त्याने पत्र स्वयंपाकघरातच उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. मला माहीत होतं का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, दहा-बारा दिवसांपासून. त्याने कप धुतला आणि वर गेला. दोन दिवस माझ्याशीही बोलला नाही. अंडी तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी क्लबच्या डॉक्टरकडे गेला आणि पाय टेबलावर ठेवून सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता काढतात की काय याला. तर डॉक्टर हसायला लागला! म्हणे, अर्ध्या संघाच्या बुटात काही ना काही आहे, गोलकीपरच्या तर दोन्हीत. स्टँडखालच्या खोलीत त्यांचा स्वतःचा बूटवाला याच कामासाठी बसलेला असतो, पण मागितल्याशिवाय तो तरी कसा देणार. तू सहा वर्षं जिवापाड जपलेलं गुपित तिथे रोजचं काम निघालं, बाळा. त्या माणसाने तुझ्या मापांवरून दुपारपर्यंत सुखतळा करून दिला. ज्याने ही मापं घेतली त्याची नजर पक्की आहे, असं म्हणाला. ते ऐकून तरी छाती फुगव.

तू पाठवलेला मात्र त्याने खणात ठेवलाय. तो घालणार नाही म्हणतो. मी म्हटलं अरे, एवढी मान मोडून केलाय त्याने. तर म्हणाला, काकांना धन्यवाद सांगा, पण मी सध्या त्यांना लिहिणार नाही. मी तुझी वकिली केली नाही. हे तुझं तुलाच सोसायला हवं.

दोन दिवसांत फोड वाळले. काल जिना पळत चढला. आज पाच अंडी मागितली.

वहिनीला सगळं सांगितलंस ना? नसशील तर आज सांग. मनावरचं ओझं घरात वाटून घ्यावं, माझ्या एकटीच्या पत्त्यावर पाठवू नये.

तुझी
ताई


६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हिला सांगितलं. आधी चिडली, मग म्हणाली, तरीच महिनाभर तोंड शिवल्यासारखा चेहरा होता. मग मैदानावर माझ्याबरोबर आली. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पहिल्यांदा आली.

निकाल तुला त्याने सांगितला असेलच. दोन-एकने हरलो. दोन्ही गोल त्याचे, डाव्या पायाचे.

सलूनवाला शिट्टी घेऊन आला होता. चिमट्याच्या पायात चेंडू आला की वाजवायची, असं सगळ्या स्टँडने ठरवलेलं. पहिली पंधरा मिनिटं वाजवली. मग त्याने आमच्या कप्तानाच्या पायातून चेंडू असा काढला की कप्तान तसाच पळत राहिला, आणि शिट्टीवाले शिट्टी तोंडात धरून हसायला लागले. दुसरा गोल झाला तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्या स्टँडमध्ये एकटा. सलूनवाला माझा शर्ट ओढतोय, मागचे बस बस ओरडताहेत. ही पण उठली. तिला काही कळलं नव्हतं, पण मी एकटाच उभा दिसलो म्हणून उठली. सलूनवाला आता माझ्याशी बोलत नाही. केस वाढलेत, बघू कोण आधी नमतं.

चिमट्याने अख्ख्या सामन्यात आमच्या स्टँडकडे एकदाही बघितलं नाही. मला ते योग्यच वाटलं, पण घरी आल्यावर हिला तेच तेच सांगत बसलो.

रात्री तो आईकडे राहिला होता. काल सकाळी मी शटर उघडतोय तोच समोर उभा. आत येऊन स्टुलावर बसला. बराच वेळ आरी, रापी, खिळ्यांचे डबे बघत राहिला. मग म्हणाला, पंधरा दिवस गप्प बसलात त्याचा राग मी केव्हाच सोडला. राग वेगळाच होता. सहा वर्षं मला वाटत होतं की मी चांगला खेळतो. पत्र वाचलं तेव्हा वाटलं, खेळत होतं ते तुमचं बूच. म्हणून तुमचा सुखतळा घातला नाही. तुमच्याशिवाय जमतं का ते बघायचं होतं.

ताई, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, अरे गाढवा, तेच बूच मी सलूनवाल्याच्याही बुटात घातलंय, पाच वर्षं झाली. तो अजून पायरी चढताना पडतो. बूच तुला फक्त सरळ उभं करतं, पुढचं सगळं तुझं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि हसला तो असा की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं. मला लपवायचं नव्हतं.

मग बातमी सांगितली. ठेवून घेतलंय, दोन वर्षांसाठी. सामना संपल्यावर कोचने तिथेच सांगितलं. म्हणजे तो आता येत नाही. मी मनापासून शाबास म्हटलं, आणि तो गेल्यावर जरा आत जाऊन बसलो. या वेळी शटर उघडं होतं.

त्याला एक सांगायचं होतं, ते राहून गेलं, म्हणून तुला लिहितो. सहा वर्षं मी प्रत्येक रविवारी पहिल्या रांगेत होतो. सगळ्या गावात माझ्याइतका त्याला कुणी बघितला नाही, असं मी छाती ठोकून सांगायचो. पण मी बघत काय होतो? ती डावी टाच. चकती सरकली का, पाय कलला का, शिवण धरली का. नव्वद मिनिटं माझी नजर बुटावर. गोल झाला की लोकांच्या ओरडण्यावरून मला कळायचं. परवा पहिल्यांदा त्याच्या पायात दुसऱ्याचं काम होतं, माझ्याकडे काळजी करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी मान वर केली.

ताई, काय सुंदर खेळतो गं तो पोरगा!

आमच्या दोघांचा नमस्कार. लोभ कमी होत नाही हे बघितलं, आता मोकळेपणाने मागतो.

तुझा
धाकटा